पोपटी जाकिटं विद्यापीठात

वर्गात वीस डोकी बसवायची म्हणजे असं काय मोठं काम आहे हो? मी मैदानं भरली आहेत, मैदानं!

गायक क्वाक दो-जिनच्या फॅनक्लबची आमच्या मोक्पो गावची शाखा माझ्या हातात आहे. एकशे बारा बायका. सरासरी वय एकाहत्तर. गुडघे निम्म्यांचेच धड. पण दो-जिनचा कार्यक्रम देशाच्या कुठल्याही टोकाला असो, मी फोन फिरवला की तीन तासांत पंचेचाळीस जणींची बस भरते. अंगात पोपटी जाकिटं, हातात पोपटी दिवे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कोबीचं शेतच उठून गाणं ऐकायला निघालंय!

बाजारात माझं सुक्या मासळीचं दुकान आहे. गिऱ्हाइकं म्हणतात, दुकानात मासळीपेक्षा दो-जिनचे फोटो जास्त. म्हणोत बापडी. फोटोंना वास तर येत नाही!

तर माझी मुलगी मीरान. त्रेचाळीस वर्षांची, साहित्यात डॉक्टर झालेली, आणि अकरा वर्षं विद्यापीठात शिकवणारी. विद्यापीठात म्हणजे तीन विद्यापीठांत. तासापुरती नेमलेली बाई ती. सोमवारी एका गावात, बुधवारी दुसऱ्या, आणि मधल्या वेळात बसस्टँडवर उभ्याने किम्बापची भातगुंडाळी. यंदा मात्र त्यातल्याच वर डोंगरातल्या एका विद्यापीठाने तिला तिचा स्वतःचा असा एक अभ्यासक्रम दिला. विषय काय? क्वाक दो-जिनची गाणी!

मी दुकान बंद केलं आणि अख्ख्या बाजारात तांदळाच्या वड्या वाटल्या.

"बघ, शेवटी विद्यापीठाला अक्कल आली!" मी फोनवर म्हटलं.

"आई, मी त्याचं कौतुक शिकवणार नाहीये."

"मग काय, निंदा?"

"इतक्या बायका त्याच्यासाठी इतक्या लांब का जातात, ते शिकवणार आहे."

"त्यात शिकवायचं काय? बसने जातो!"

पलीकडून नुसता उसासा आला. लहानपणापासून ती अशीच. उत्तर दिलं की उसासा.

पण त्यात एक मेख होती. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत वीस विद्यार्थ्यांनी नावं नोंदवली नाहीत, तर अभ्यासक्रम रद्द. आणि अभ्यासक्रम रद्द म्हणजे मीरानचा करारही रद्द. तिथले डीन नामगुंग भर बैठकीत म्हणाले होते, "आज गायक घ्याल, उद्या रामेनच्या शेवयांवर अभ्यासक्रम काढाल! हे विद्यापीठ आहे की जत्रा?" मला विचाराल तर रामेनवरही काढावा. आजकालच्या पोरांना ते धड उकळता येत नाही.

बुधवारी मी विचारलं, "किती झाली नावं?"

"नऊ."

"नऊ? दो-जिनला नऊ?"

"आई, मुलांना तो माहीतच नाही. त्यांच्या लेखी तो आजीच्या टीव्हीतला माणूस."

"आजीच्या टीव्हीत काय किडे पडलेत?"

"आई, ऐक. तू काही करू नकोस. कळलं? काही म्हणजे काहीही."

"कळलं," मी म्हटलं, फोन ठेवला, आणि लगेच ओक्बुनला लावला.

ओक्बुन माझी जुनी मैत्रीण. तीन वर्षांनी धाकटी, म्हणून मला ताई म्हणते. फॅनक्लबचं सगळं खाणंपिणं तिच्याकडे. बोलायला कमी, पण आंबवलेली पाकट मासळी तिच्यासारखी अख्ख्या मोक्पोत कुणी करत नाही.

"ओक्बुन, दो-जिन शूटिंगला गेला की आपण काय करतो?"

"डबे पाठवतो, ताई."

"कुणाला?"

"त्याच्यासोबत काम करणाऱ्या सगळ्यांना. त्यांनी त्याला सांभाळून घ्यावं म्हणून."

"आणि त्याच्या वाढदिवसाला?"

"दिव्यांच्या पाटीचा ट्रक. त्याच्या कंपनीच्या दारात."

"मग आपली मीरान काय रस्त्यावर पडलीय?"

ओक्बुन म्हणाली, "साध्या डब्यात पाकट शोभायची नाही. मी चांगले साठ डबे आणते."

ट्रकवाल्याला मीच फोन केला. पाटीवर टाकायला फोटो हवा होता. मीरानचा माझ्याकडे एकच होता, पासपोर्टचा. पासपोर्टच्या फोटोत माणूस तसाही पोलिसांना हवा असल्यासारखा दिसतो. दहा फुटांचा केला की सापडल्यासारखा दिसतो! पण आईला सगळं गोडच.

"मजकूर सांगा, आजी."

"मीरान! अकरा वर्षं! आम्ही आलो आहोत!"

"एवढंच? शेवटी मागणी नाही टाकायची?"

"कसली मागणी?"

"सगळे टाकतात."

"मग टाका. 'शुक्रवारी पाचच्या आत!'"

"वा! जोरदार आहे," तो म्हणाला. "पाटी काळी ठेवतो. अक्षरं उठून दिसतात."

मला वाटलं, किती आपलेपणाने करतोय! आता सगळ्या देशाला ठाऊक असलेली गोष्ट मला एकटीला ठाऊक नव्हती, त्याला मी काय करू? तरुण पोरं हे ट्रक भांडायला लावतात म्हणे. आवडत्या गायकाला कंपनीने नीट वागवलं नाही, की दुसऱ्या दिवशी कंपनीच्या दारात काळ्या पाटीचा ट्रक हजर. 'उत्तर द्या! माफी मागा! अमुक तारखेच्या आत!' आमच्यावर दो-जिनसाठी भांडायची वेळच कधी आली नाही. आमचा ट्रक म्हणजे वाढदिवस!

शुक्रवारी पहाटे बस निघाली. सहा तासांचा रस्ता, पण बसमध्ये कुणी बसलं असेल तर शपथ. मधल्या वाटेत नाच चालू होता. विद्यापीठाच्या फाटकाशी उतरलो तेव्हा समोर ट्रक उभा, आणि ट्रकवर माझी मुलगी, दहा फूट उंच, डोळे वटारून अख्ख्या डोंगराकडे बघतेय! मला भरून आलं.

फाटकावरच्या रखवालदारालाही भरून आलं, पण वेगळ्या कारणाने. त्याने थेट वर फोन लावला. "साहेब, ट्रक आलाय. काळा. आणि एका गणवेशातल्या पंचेचाळीस बायका. नाही साहेब, तरुण नाहीत. तेच तर!"

डीन नामगुंग तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीतून उठून खिडकीशी आले. खाली मीरानचा चेहरा. अकरा वर्षं. आम्ही आलो आहोत. शुक्रवारी पाचच्या आत. त्यांनी मनाशी जुळवून टाकलं. तासापुरत्या नेमलेल्या सगळ्या शिक्षकांनी बंड केलं, पुढारी मीरान, आणि सोबत शिक्षकांच्या आया आणल्यात!

त्यांनी मीरानला वर बोलावणं धाडलं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी खाली डब्यांची रांग लावत होते.

साठ डबे. प्रत्येकावर मीरानच्या फोटोचा गोल कागद आणि खाली, 'आमच्या मीरानला सांभाळून घ्या.'

"आजी, यात काय आहे?" रखवालदाराने विचारलं.

"प्रेम आहे," मी म्हटलं. आम्ही शूटिंगच्या ठिकाणी असंच म्हणतो. लोक हसतात.

हा हसला नाही. दोन पावलं मागे सरकला. "कुणासाठी?"

"वरच्या बैठकीतल्या साहेबांसाठी. प्रत्येकाला एक. सुटायला नको कुणी!"

त्याचा चेहरा तांदळाच्या पेजेसारखा झाला. डब्यांची खोकी त्याने अंगापासून हातभर लांब धरली आणि एकेक करून तळमजल्यावरच्या लोखंडी दाराच्या खोलीत नेऊन ठेवली. मला वाटलं, केवढी ही काळजी! थंड खोलीत ठेवतोय!

ती रसायनशास्त्राची खोली होती. विषारी वायू सुटला तर ओरडणारं यंत्र तिथे भिंतीवर बसवलेलं होतं.

आता पाकटाबद्दल एवढंच सांगते, की ओक्बुनची पाकट मडक्यात पंधरा दिवस मुरते. आमच्याकडे तिच्याशिवाय लग्न लागत नाही, आणि तिचा पहिला घास घेतला की नाकातून थेट मेंदूपर्यंत वाट मोकळी होते. सर्दीला फार चांगली. पण त्या मुरण्यात अमोनिया की काय तो असतो. माणसाला कळो न कळो, यंत्राला कळतो.

दहा मिनिटांत भोंगा वाजला. भोंगा म्हणजे काय, बंदरात जहाज आल्यासारखा! "रसायनशास्त्र विभागात अमोनियाची गळती! सर्वांनी इमारत रिकामी करावी!" चार मजल्यांवरून पोरं धाडधाड खाली आली. नाकाला रुमाल, बाही, टोपी, कुणाच्या तर पायमोजाच. मागून बैठकीतले साहेब लोक आले. इमारतीची वीज बंद केली गेली. शिपाई ओरडत होता, "वास आला की लगेच लांब व्हा!"

मी ओक्बुनला म्हटलं, "कसला गं वास?"

ओक्बुनने नाक वर करून हुंगलं. "मला तर काही येत नाही, ताई."

मागच्या सगळ्या जणींनीही हुंगलं. कुणालाच काही येत नव्हतं!

आगीचा बंब आला. तोंडाला पिशव्या बांधलेले चार जण आत शिरले आणि जरा वेळाने बाहेर आले. पुढच्याच्या हातात एक डबा होता. त्यावर माझी मुलगी. त्याने तोंडावरची पिशवी काढली, झाकण उचललं आणि डोळे मिटले.

"कुणी केलीय ही?" त्याने विचारलं. "किती दिवसांची?"

"पंधरा!" ओक्बुन ताठ मानेने म्हणाली.

"आमच्या आजीच्या हातची अशी असायची," तो म्हणाला. मग भानावर येऊन ओरडला, "धोका नाही! खाण्याची वस्तू आहे!"

त्यावर चारशे पोरं एकदम माझ्याकडे वळली. गर्दीतून वाट काढत मीरान आली. तिने ट्रककडे बघितलं. डब्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"आई," ती म्हणाली. एवढंच. त्या एका शब्दात अख्खी दोनशे भागांची मालिका होती.

तिच्या मागोमाग डीन नामगुंग, नाकाला रुमाल. "मीरान मॅडम, या कोण?"

"माझी आई, सर."

"आणि या सगळ्या?"

"आईच्या मैत्रिणी."

"अकरा वर्षं तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, आणि आज एकदम मोर्चा, ट्रक आणि विषारी वायू!"

"सर, हा मोर्चा नाही."

"मग काय आहे?"

मीरानने एकदा डोळे मिटले. "डबा आहे, सर."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. डीनसाहेब मात्र लाल झाले. "पाच वाजायची वाटही बघायला नको. हा अभ्यासक्रम मी आत्ताच रद्द करतो! म्हणे गायकावर अभ्यासक्रम! त्याचं हे असं होतं!"

माझं तोंड सहसा मिटत नाही. त्या दिवशी मिटलं. अकरा वर्षं मुलीने बसस्टँडवर उभ्याने जेवून जे मिळवलं, ते मी एका सकाळीत साठ डब्यांत घालून घालवलं होतं! मी कंबरेतून पार खाली वाकले.

"साहेब, चूक माझी आहे. तिने मला काही करू नकोस म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. काय बोलायचं ते मला बोला."

वयाने मोठ्या बाईला इतकं वाकलेलं बघून त्यांचा पारा जरा उतरला. "आजी, सरळ व्हा. मला एवढंच सांगा. त्या गायकात असं आहे तरी काय, की विद्यापीठाने शिकवावं?"

बघा, मला हाच प्रश्न हवा होता! मी सरळ झाले. "साहेब, एकतर तो छान गातो. उंच आहे. आईशी नीट वागतो. दात तर असे..."

चारशे पोरं हसली. मीरान स्वतःच्या बुटांकडे बघू लागली. डीनसाहेब पाठ फिरवून निघालेच.

"तो सावकाश गातो," ओक्बुन म्हणाली.

ओक्बुन! चारचौघांत जिला पाणी मागायलाही संकोच, ती! बंबवाल्याने परत दिलेला उघडा डबा हातात तसाच.

"साहेब, मला सदुसष्टाव्या वर्षापर्यंत वाचता येत नव्हतं. कुणाला सांगितलं नाही कधी. तो टीव्हीवर गातो तेव्हा खाली गाण्याचे शब्द येतात ना, आणि जे अक्षर तो गातोय त्याचा रंग बदलतो. बाकीचे भराभर गातात. दिसेपर्यंत अक्षर गेलेलं असतं. हा एकेक अक्षर धरून ठेवतो. तेवढ्यात मी बघून घ्यायची. रोज तीच गाणी लावायची. दोन हिवाळे."

कुणी हसलं नाही.

"पहिला शब्द कुठला वाचलात, मावशी?" मीरानने हळूच विचारलं.

"'परत ये.' त्याच्या सगळ्याच गाण्यांत असतो तो." आता पोरं थोडी हसली, ओक्बुनही हसली. "मग एक दिवस दवाखान्यात गेले, तर दारावरच्या पाटीवर तोच! 'दुपारी दोननंतर परत या.' मी तिथेच उभी राहून मोठ्याने वाचला. पुन्हा वाचला. नर्स म्हणाली, आजी, दवाखाना बंद आहे, ओरडू नका."

पंधरा वर्षं बसमध्ये माझ्या शेजारच्या जागेवर बसते ही बाई. खानावळीत गेलो की म्हणायची, "ताई, तुम्हीच वाचा, माझा चष्मा राहिला." मला वाटायचं, किती वेंधळी आहे! एवढी वर्षं मी तिच्या विसरभोळेपणावर विनोद करत होते, आणि ती हसत होती. माझ्याने तिच्याकडे बघवेना.

मीरान डीनसाहेबांकडे वळली. "सर, हा माझा पहिला तास होता. अजून चौदा आहेत."

निळ्या केसांची एक पोरगी पुढे आली. "मॅडम, हा कोर्स यादीत कुठे सापडेल?"

आणि मग सगळीकडे फोन निघाले! माझ्या डोळ्यांसमोर अंगठे चालू लागले. मी म्हटलं, झालं! वीस काय, दोनशे होतील!

"मॅडम, यादी उघडत नाहीये," निळे केस म्हणाले.

"माझीही नाही."

उघडणार कशी? नावं नोंदवायचं यंत्र त्याच इमारतीत, आणि इमारतीची वीज बंद! आगीच्या बंबाचा साहेब म्हणाला, पाकट असो वा काही असो, भोंगा वाजला म्हणजे सगळ्या खोल्या तपासून झाल्याशिवाय वीज सुरू करता येत नाही. नियम आहे.

"किती वेळ लागेल?" मीरानने विचारलं.

"चार तरी वाजतील."

अजून दीडही वाजला नव्हता. पोरं पांगायला लागली. भूक लागलेली, शुक्रवार, घरी जायची घाई. नऊ नावं ती नऊच!

तेव्हा मला माझी विद्या आठवली. दो-जिन दोन तास उशिरा आला तरी मैदानातली बाई मैदानात कशी ठेवायची, हे माझ्याइतकं कुणाला येतं? "बायकांनो!" मी ओरडले. "किम्बाप काढा! उकडलेली अंडी काढा! बसवाल्याला म्हणावं, गाणी लाव, मोठ्याने!"

पुढचे तीन तास त्या अंगणात जे झालं त्याचे व्हिडिओ आहेत म्हणे. मी बघितलेले नाहीत. पोपटी दिवा कसा हलवायचा, कुठल्या ओळीला नाव पुकारायचं, कुठे हुंदका द्यायचा, सगळं शिकवलं. निळ्या केसांच्या पोरीला एका तासात इतकं जमलं की मी तिला स्वतःचं जाकीट घातलं. डीनसाहेब जिन्यावर बसून होते. कुणीतरी त्यांच्या हातात अंडं ठेवलं होतं. ते त्यांनी सोलावं की नाही या विचारातच चार वाजवले.

वीज आली चार चाळीसला. यंत्र जागं झालं चार एकावन्नला. चारशे पोरांना फोनवर वाकलेलं बघितलंय कधी? भाताच्या लावणीसारखं दिसतं!

"तेरा!" मीरान वाचत होती. "सोळा. सोळा. अजून सोळाच. आई, माझा हात सोड, दुखतोय. अठरा!"

चार सत्तावन्नला बाविसावं नाव पडलं. पाचला दार बंद झालं तेव्हा शहाऐंशी होती! मीरान मटकन पायरीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. डीनसाहेब उठले, अंडं खिशात घातलं, म्हणाले, "मॅडम, मोठा वर्ग द्यावा लागेल," आणि गेले. भला माणूस आहे हो. नुसता उपाशी होता.

तर पहिल्या तासाला मी अर्थातच बस भरून गेले. मीरान दारातच उभी.

"आई, जागा नाही."

"आमच्यासाठी नाही? आमच्याचमुळे तर..."

"म्हणूनच नाही. तुम्ही अभ्यासक्रमात आहात."

तिने चौदा आठवड्यांचा कागद हातात दिला. पहिला आठवडा, पोपटी जाकिटं. दुसरा, डबे. तिसरा, ट्रक. चौथा ते सहावा, ओक्बुन! तीन आठवडे एकट्या ओक्बुनला! आणि दो-जिनला? अकराव्या आठवड्यात एक तास, तोही अर्धा, कारण उरलेल्या अर्ध्यात परीक्षेच्या सूचना. ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं, तो आम्हाला पुरवणी म्हणून!

आता पोरं गट करून मोक्पोला येतात आणि माझ्या दुकानात स्टूल टाकून बसतात. निरीक्षण म्हणे. परवा निळ्या केसांची आली होती. मासळी तोलता तोलता मी हळूच तिच्या वहीत डोकावले. लिहिलं होतं, 'दुकानदार आजींना कुणाचंही ऐकून घेण्याची सवय नाही.'

हे साफ खोटं आहे, हे मी तिला तिथल्या तिथे नीट समजावून सांगितलं. पुरते दोन तास. मध्ये एक शब्द बोलू दिला नाही.

तिने तेही लिहून घेतलं.